२,११० मतांचं भांडवल

१६ मे २०१४. देशभर मोदी लाटेचे आकडे धडाधड येत होते आणि रायगड लोकसभेत मात्र शेवटच्या फेरीपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी निकाल लागला तो असा: शिवसेनेचे अनंत गीते ३,९६,१७८, राष्ट्रवादीचे सुनील तटकरे ३,९४,०६८. फरक २,११० मतांचा. मतदान यंत्रावर सुनील तटकरे नावाचा आणखी एक उमेदवार होता, अपक्ष. त्याला ९,८४९ मतं पडली. आणि शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे शेकापचे, रमेश कदम, जे चिपळूणचे राष्ट्रवादीचेच माजी आमदार, ते १ लाख २९ हजारांच्या पुढे गेले.

तटकरेंना कुणी पाडलं? नामसाधर्म्य हे सगळ्यात सरळ उत्तर होतं, कारण नुसती ती मतं फरकाच्या चौपट भरतात. पण जिल्ह्यात रुजलं ते दुसरंच उत्तर: शेकापने पाडलं. राजकारणात खरं कारण काय यापेक्षा लोक कशाला कारण मानतात त्याला भाव असतो. त्या दिवसापासून शेकापच्या हाती एक भांडवल आलं. आम्ही निवडून येऊ न येऊ, तुम्हाला पाडू शकतो. आपल्याकडे याला उपद्रवमूल्य म्हणतात, आणि शब्द जरा वाईट वाटला तरी छोट्या पक्षाचं अर्धं राजकारण यावरच चालतं.

हे प्रकरण त्या भांडवलाचं पुढे काय झालं याचं आहे. प्रतिस्पर्ध्याशी जुळवून घ्यावं की ताणून धरावं, हा प्रश्न शेकापपुढे २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत चार-पाच वेळा आला. दोन्ही मार्ग करून झाले. रायगडातल्या जागा मात्र गेल्या.

आधी पक्षाची ओळख, कारण ती माहीत नसेल तर पुढचं नीट कळणार नाही. शेकापची रायगडातली मुळं पक्षाच्या जन्माच्या आधीची आहेत. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यात चरीला नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने कुळांनी ठरवलं की खोताची जमीन कसायची नाही. आसपासची पंचवीस गावं त्यात उतरली. संप चालला १९३९ पर्यंत. सहा पावसाळे शेतं पडीक. माणसं रानातून लाकूडफाटा आणून विकत होती आणि त्यावर दिवस काढत होती. १९३४च्या डिसेंबरात डॉ. आंबेडकर चरीला येऊन गेले. शेवटी महसूलमंत्री मोरारजी देसाईंना लक्ष घालावं लागलं, १९३९च्या कायद्यात कुळाला संरक्षण आलं, आणि पुढे १९४९ मध्ये खोती कायद्याने गेली. ‘कृषीवल’ हे दैनिक त्याच लढ्याच्या काळातलं, १९३७चं. नारायण नागूंची पुढची पिढी म्हणजे प्रभाकर पाटील आणि दत्ता पाटील, त्यानंतरची मीनाक्षीताई आणि जयंतभाई. (हे शेकापचे जयंत पाटील, इस्लामपूरचे नव्हेत. टीव्हीवाले अजूनही घोळ घालतात.)

चरीचा संप म्हणजे ताणून धरण्याचा आमच्याकडचा सगळ्यात मोठा दाखला. पण सभांमधून तो सांगताना एक गोष्ट सुटते. तो संप शेवटी वाटाघाटीतच मिटला. सहा वर्षं ताणलं ते खोताला धुळीला मिळवायला नाही, सातबारावर कुळाचं नाव लागावं म्हणून. मागणी एका ओळीत सांगता येत होती, त्यामुळे कधी थांबायचं हेही कळत होतं. जानेवारी १९८४ मध्ये उरणला जेएनपीटी बंदरासाठी घेतलेल्या जमिनींवरून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं सूत्र निघालं. तिथेही मागणी मोजता येण्यासारखी होती. २१ सप्टेंबर २००८ला पेण तालुक्यातल्या बावीस गावांत सेझवर, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रावर, सार्वमत झालं, तिथे तर मतपत्रिकेवरच हो किंवा नाही. जमिनीच्या प्रश्नावर हा पक्ष आडमुठा राहिला आणि त्यातून लोकांच्या पदरात काहीतरी पडलं, असा हा इतिहास आहे.

जागावाटपाच्या प्रश्नावर मात्र वेगळं घडलं.

२००९ला शेकाप शिवसेनेबरोबर होता. गीते यांनी बॅरिस्टर अंतुले यांना जवळजवळ दीड लाखांनी हरवलं. त्याच वर्षी विधानसभेत अलिबाग, पेण आणि उरण या तिन्ही जागा शेकापकडे आल्या. २०१४ला पक्षाने सेनेचा हात सोडला आणि स्वतःचे उमेदवार दिले. रायगडात कदम, शेजारच्या मावळात लक्ष्मण जगताप. मावळात तर जगताप दुसऱ्या क्रमांकावर आले आणि राष्ट्रवादीचे राहुल नार्वेकर तिसऱ्यावर फेकले गेले. म्हणजे एकाच दिवशी दोन मतदारसंघांत राष्ट्रवादीला शेकापची झळ बसली. त्या वर्षी विधानसभेला सगळेच स्वतंत्र लढले. रायगडच्या सात जागांपैकी शेकाप दोन, राष्ट्रवादी दोन, शिवसेना दोन, भाजप एक. उरण गेलं ते हजाराच्या आतल्या फरकाने.

भांडवल वटवायची वेळ आली २०१७ला. जिल्हा परिषदेच्या ५९ जागांत शेकापला २३, शिवसेनेला १८, राष्ट्रवादीला १२, काँग्रेस आणि भाजपला प्रत्येकी तीन. शेकाप सगळ्यात मोठा, पण बहुमत नाही. राष्ट्रवादीशी जुळलं आणि अध्यक्ष झाल्या सुनील तटकरेंच्या कन्या आदिती, बारा जागांच्या पक्षाच्या. तेवीसवाल्यांनी बारावाल्यांना पहिली पाळी दिली. बाहेरच्यांना हे कोडं वाटलं. जिल्ह्यात कुणाला वाटलं नाही, कारण अध्यक्षपद हे मोठ्या सौद्यातलं एक गाठोडं होतं. २०१८च्या मे महिन्यात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघातून तटकरेंचे पुत्र अनिकेत शेकापच्या साथीने विधान परिषदेवर गेले, आणि जुलैत जयंतभाई आमदारांच्या मतदारसंघातून बिनविरोध. जिल्हा परिषदेची पुढची पाळी शेकापकडे आली. दिलेला शब्द त्या काळात दोन्ही बाजूंनी पाळला गेला, हे मुद्दाम नोंदवतो. चार वर्षांपूर्वी ज्यांनी एकमेकांना पाडलं त्यांच्यात इतका सरळ व्यवहार होणं ही साधी गोष्ट नव्हे.

आता मूळ प्रसंग. २०१९च्या लोकसभेला तटकरे पुन्हा उभे, समोर पुन्हा गीते. शेकापने काय करावं?

त्या जानेवारीत मी खारेपाटात, अलिबाग-पेणच्या खाडीकाठच्या पट्ट्यात, एका ओळखीच्या घरी पोपटीला गेलो होतो. थंडीत आमच्याकडे हे चालतंच. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ-ओवा, मध्ये पाल्यात गुंडाळलेली कोंबडी आणि अंडी, वर पुन्हा पाला दाबून तोंड बंद. मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-लाकडं पेटवायची. घरचे नाना सत्तरीचे, बापाच्या वेळेपासून लाल बावटा. शेजारी त्यांचा पुतण्या, ग्रामपंचायत सदस्य, खिशात दोन मोबाइल.

पुतण्याचं म्हणणं साधं होतं. “नाना, झेडपीत आपली सत्ता आहे म्हणून साकव झाला, बंदिस्तीचं काम सुरू आहे. परत भांडलो तर हे सगळं बंद.” नाना काठीने निखारे सारत होते. त्यांनी मडक्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले, चर्र झालं, पण त्यांचं समाधान झालं नाही. “अजून हाय जरा,” म्हणाले आणि मग आमच्याकडे वळून: “जन्मात घड्याळाचं बटन दाबलं नाय. आता पार्टी सांगते दाबा. दाबीन. पन उद्या विधानसभेला घड्याळवाला आपलं बटन दाबल काय, ते कोन सांगनार?”

पुतण्या म्हणाला, वरून बोलणं झालंय. नाना म्हणाले, वरून पाऊस पडतो.

मला हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो, आणि तो पक्षाच्या व्यासपीठावरून मी कधी ऐकला नाही. शेकाप हा कार्यकर्त्यांचा पक्ष. गावागावात घरं ठरलेली, मतदार यादीवर पेन्सिलीने खुणा करून कोण आपला कोण परका हे सांगणारी माणसं ठरलेली, बूथवर बसणारा पोरगा ठरलेला. वरून निरोप आला की खाली हालचाल होते. राष्ट्रवादीचं बळ होतं दक्षिणेत, रोहा-श्रीवर्धनकडे, आणि ते नेत्याभोवती गोळा झालेलं. अलिबागच्या गावांत त्यांच्याकडे परत द्यायला मतं होती तरी किती? शेकाप तटकरेंना अलिबाग-पेणची मतं देऊ शकत होता. तटकरे अलिबाग-पेणमध्ये शेकापला त्या वजनाचं काही देऊ शकत नव्हते, मनात असूनही. सौदा प्रामाणिक होता, पण मापं वेगळी होती.

निकाल आला. तटकरे ४,८६,९६८, गीते ४,५५,५३०. फरक ३१,४३८. शेकापमुळे तटकरे खासदार झाले हे वाक्य जिल्ह्यात पुन्हा फिरलं, आणि या वेळी ते बरंचसं खरंही होतं. पण २०१४ची तटकरे आणि कदम यांची मतं जोडून पाहा: ५,२३,७९८. पाच वर्षांनी एकत्र येऊन त्याहून सुमारे ३७ हजार कमी. गीते मात्र ५९ हजारांनी वाढले. कदमांची सगळी मतं शेकापची नव्हती हे मान्य. चिपळूणच्या नेत्याला गुहागर-दापोलीत स्वतःची म्हणून काही मतं असणार. पण वरच्या बेरजेला खालची मतं हिशेब देत नाहीत, एवढं त्यातून दिसतं. शेजारी मावळात शेकापने पार्थ पवारांना पाठिंबा दिला होता, तिथे तर श्रीरंग बारणे दोन लाखांहून जास्त मतांनी निवडून आले.

पाच महिन्यांनी विधानसभा झाली आणि रायगडात शेकाप शून्यावर आला.

इथे थोडं रेंगाळतो, कारण या निकालाचा सर्रास चुकीचा अर्थ लावला जातो. “शेकाप संपला, लोकांनी नाकारलं” असं लिहिलं गेलं. अलिबागचे आकडे काही वेगळं सांगतात. २०१४ला सुभाष ऊर्फ पंडितशेठ पाटील सुमारे ७७ हजार मतं घेऊन जिंकले होते. २०१९ला ते ७९ हजार मतं घेऊन हरले, तेही जवळजवळ ३३ हजारांनी. मतं घटली नाहीत, दोन हजारांनी वाढलीच. बदललं ते समोरचं चित्र. शिवसेनेचे महेंद्र दळवी २०१४ला साठ हजारांच्या आसपास होते, ते १ लाख ११ हजारांच्या पुढे गेले. सेना-भाजप पाच वर्षांपूर्वी वेगवेगळे लढले होते, या वेळी एकत्र होते. आणि अलिबागमधली काँग्रेसची जुनी मतं, जी पिढ्यान् पिढ्या शेकापविरोधी म्हणूनच वाढलेली, ती शेकापकडे वळली नाहीत. वळलीच तर दळवींकडे. पेणलाही तेच. २०१४ला काँग्रेसकडून लढलेले रवीशेठ पाटील भाजपकडून उभे राहिले आणि २४ हजारांनी जिंकले.

अलिबागचं राजकारण बाहेरून चौरंगी दिसतं. आतून ते दुरंगी आहे: शेकाप आणि शेकाप सोडून बाकीचे. बाकीचे फुटलेले असले की ७५-८० हजारांत आमदार होतो, ते एक झाले की होत नाही. शेकापने राष्ट्रवादीशी केलेल्या तडजोडीचा या गणितावर परिणाम जवळजवळ शून्य होता, कारण अलिबाग-पेणला ‘बाकीचे’ म्हणजे राष्ट्रवादी नव्हेच. ज्याच्याशी भांडण मिटवलं तो दक्षिणेतला, आणि जो जागा घेऊन गेला तो दारातला.

सेना-भाजप युती मुंबईत ठरली, ती शेकापमुळे झाली नाही, हेही न्यायाने म्हटलं पाहिजे. शेकाप तटकरेंविरुद्ध लढला असता तरी युती झालीच असती. पण मग मार्चमध्ये पाठिंबा जाहीर करताना, समोरचे एक होणार हे दिसत असताना, निदान एक अट घालता आली असती: काँग्रेसच्या स्थानिक गटांना आमच्या बाजूला बसवायची जबाबदारी शरद पवारांची, आणि ती लोकसभेच्या प्रचारातच दिसली पाहिजे. ऑक्टोबरमध्ये काँग्रेसने अलिबागला आपला उमेदवार दिला तेव्हा शेकापच्या हातात दाबायला काही उरलं नव्हतं. खासदार निवडून दिल्लीला पोचले होते. माल आधी दिला, पैसे नंतर मागितले.

उपद्रवमूल्याची हीच गंमत आहे. धमकी दिल्याने ते वाढतं, वापरल्याने संपतं, आणि मदत केल्यानेही संपतं. २०१४ला वापरलं, २०१९ला मदतीच्या रूपात दिलं, आणि दोन्ही वेळा बदल्यात काय हवं ते जागेच्या भाषेत ठरलेलं नव्हतं. बाहेरून दिसलं ते पदांचं वाटप. अध्यक्षपद अडीच वर्षांचं, परिषदेची आमदारकी सहा वर्षांची, नंतर दोन्ही कोरी. चरीच्या संपातून जे मिळालं ते सातबारावर गेलं होतं.

पक्षाच्या एका जुन्या हितचिंतकांशी मी यावर वाद घातला आहे. त्यांचं म्हणणं, २०१९ला पुन्हा स्वतंत्र लढायला हवं होतं, तटकरेंना दुसऱ्यांदा पाडलं असतं तर पवारांना अलिबागला यावं लागलं असतं. मला हे पटत नाही. दोनदा पाडल्यावर तिसऱ्यांदा कुणी बोलायला येत नाही, तुमच्याशिवाय जिंकायची सोय करतो. शिवाय जिल्हा परिषदेतली सत्ता त्याच दिवशी गेली असती आणि नानांच्या पुतण्याचा साकव अर्धवट राहिला असता. साकवाला हसू नये. खारेपाटात पावसाळ्यात शाळेला जायचं तर साकव लागतो. माझं मत तडजोड करायला हवी होती हेच आहे. चूक केलेल्या तडजोडीत होती, तडजोड करण्यात नव्हती. जिल्ह्याच्या एका तरी प्रश्नावर, मुंबई-गोवा महामार्गाचा २०११ पासून रखडलेला पळस्पे-इंदापूर टप्पा घ्या नाहीतर फुटके खारबंधारे घ्या, तारखेसकट काही मागितलं असतं, तर ऑक्टोबरमध्ये मतदारासमोर दाखवायला काही असतं. शेकाप आंदोलनात ज्या भाषेत बोलतो ती भाषा जागावाटपाच्या टेबलावर बसताना दाराबाहेर ठेवतो, हे मला कधीच कळलं नाही.

पुढची चार वर्षं पटकन सांगतो. महाविकास आघाडीचं सरकार आलं, आदिती तटकरे राज्यमंत्री आणि रायगडच्या पालकमंत्री झाल्या. २०२२ला सेना फुटली, दळवी शिंदेंबरोबर गेले. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली, तटकरे अजित पवारांबरोबर सत्तेत गेले आणि प्रदेशाध्यक्ष झाले. शेकाप विरोधातच थांबला. ज्या माणसाशी चार वर्षं जमवलं तो पलीकडच्या तीरावर, आणि ज्या गीते यांच्याविरुद्ध नानांना घड्याळाचं बटण दाबायला सांगितलं ते आता आघाडीचे उमेदवार. २०२४च्या लोकसभेत शेकापने गीते यांचं काम केलं. तटकरे ८२,७८४ मतांनी जिंकले. शेकाप ज्याच्याकडे तो जिंकतो हा दहा वर्षांचा समज त्या दिवशी मोडला.

बाजारातला भाव लगेच दिसला. १२ जुलै २०२४ला विधान परिषदेच्या अकरा जागांसाठी बारा उमेदवार होते, त्यात पडणारे बारावे जयंतभाई ठरले. त्यांना मिळाली बारा मतं, शरद पवारांच्या पक्षाचे आमदार होते तेवढीच. उद्धव ठाकरेंच्या पक्षाने मिलिंद नार्वेकरांना उभं केलं आणि निवडूनही आणलं. दोन महिन्यांपूर्वी त्याच पक्षाच्या गीते यांच्यासाठी शेकापच्या पोरांनी उन्हात स्लिपा वाटल्या होत्या.

मग नोव्हेंबरची विधानसभा. आता ताणून धरायची पाळी. जागावाटपात उद्धव यांच्या सेनेने रायगडात उमेदवार जाहीर केले, शेकापनेही केले. ‘मैत्रीपूर्ण लढत’ हा मराठी राजकारणातला सगळ्यात खोटा शब्दप्रयोग पुन्हा बाहेर आला. तीन जागांचे तीन निकाल शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत.

उरणमध्ये भाजपचे महेश बालदी ९५,३९०. शेकापचे प्रीतम म्हात्रे ८८,८७८. ठाकरे सेनेचे मनोहर भोईर ६९,८९३. शेकाप हरला ६,५१२ मतांनी आणि आघाडीच्या दोघांची बेरीज होते १,५८,७७१. दोघांच्याही हट्टाची किंमत इथे उघड्यावर मोजता येते.

पनवेलमध्ये प्रशांत ठाकूर १,८३,९३१. शेकापचे बाळाराम पाटील १,३२,८४०, ठाकरे सेनेच्या लीना गरड ४३,९८९. इथे दोघे एक झाले असते तरी सात हजार कमीच पडत होते. प्रत्येक पराभवाचं खापर बंडखोरीवर फोडणाऱ्यांनी ही बेरीज करून पाहावी.

अलिबागला तर सगळं शेकापच्या मनासारखं होतं. ठाकरे सेना मैदानात नव्हती. उलट फूट समोर होती: भाजपचे बंडखोर दिलीप भोईर यांनी ३३ हजारांवर मतं खाल्ली. तरी दळवी १,१३,५९९ आणि शेकापच्या चित्रलेखा पाटील ८४,०३४. शेकापची मतं पुन्हा वाढली होती, ७७ वरून ७९, ७९ वरून ८४ हजार, आणि पुन्हा साडेएकोणतीस हजारांनी हार. ‘बाकीचे’ फुटूनही शेकापपेक्षा मोठे राहिले. वर मी जे गणित मांडलं तेही इथे पुरत नाही, हे कबूल करतो. अलिबाग बदललंय. मांडव्याच्या जेट्टीवरून उतरणारी माणसं आणि विकल्या गेलेल्या शेतांवरचे बंगले यांचा कूळकायद्याशी संबंध नाही, आणि नव्या पोरांना चरीचा संप आजोबांच्या गोष्टीइतकाच लांबचा.

शेकापला महाराष्ट्रात एक जागा मिळाली ती सांगोल्याची. तिथेही ठाकरे सेनेचा उमेदवार होता, तिथेही शेकाप हटला नाही, आणि बाबासाहेब देशमुख पंचवीस हजारांनी निवडून आले. म्हणजे तोच हट्ट उरणला नडला आणि सांगोल्याला फळला. फरक एवढाच की सांगोल्यात शेकाप पहिल्या क्रमांकाचा पक्ष होता आणि हे समोरच्यांनाही माहीत होतं. उरणला दोघेही स्वतःला पहिलं समजत होते. २०१९ला मनोहर भोईर दुसरे आले होते आणि शेकापचे विवेक पाटील तिसरे, त्यामुळे भोईरांचा दावा अगदीच पोकळ नव्हता. टेबलावर बसताना हा कागद कुणी पुढे ठेवला असेल का, मला शंका आहे.

त्यानंतर माणसंही जायला लागली. पेणचे शेकापचे माजी आमदार धैर्यशील पाटील आधीच भाजपमध्ये जाऊन राज्यसभेवर पोचले होते. एप्रिल २०२५ मध्ये पंडितशेठही भाजपमध्ये गेले. दुसरीकडे सत्तेतल्या मित्रांचं काय चाललं होतं? १८ जानेवारी २०२५ला आदिती तटकरे यांचं नाव रायगडच्या पालकमंत्रिपदासाठी जाहीर झालं, शिंदे सेनेचे भरत गोगावले आणि त्यांची माणसं रस्त्यावर उतरली, आणि दुसऱ्याच दिवशी निर्णयाला स्थगिती मिळाली. एका दिवसात स्थगिती मिळवणारा हट्ट आणि दहा वर्षांत काही न मिळवणारा हट्ट यांत फरक काय, असा प्रश्न मला एकाने विचारला होता. गोगावलेंच्या पक्षाच्या आमदारांची सरकारला गरज होती आणि मागणी एका खुर्चीची होती, एवढंच मी सांगू शकलो.

उरणचा निकाल लागला त्या संध्याकाळी मी नानांना फोन केला होता. आकडे मी कागदावर मांडले होते आणि ते कुणाला तरी ऐकवायचे होते. म्हात्रे अठ्ठ्याऐंशी, भोईर सत्तर, दोघांचे मिळून एक लाख अठ्ठावन्न, आणि बालदी पंच्याण्णव. नानांनी सगळं ऐकून घेतलं.

“बेरीज नको करू,” ते म्हणाले. “भोईरची सगली मतं म्हात्रेला पडली आसती असं कोन सांगतं? एकोनीसला आपली तरी सगली तटकरेला पडली काय?”

मी म्हटलं, सदतीस हजार कमी पडली होती, मी तेव्हा मोजली होती.

“त्यातलं एक माझं,” नाना म्हणाले.